मंगळवेढ्याचा आवाज

मांजरीत एकादशीची सकाळ उजाडते ती प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजानं. गाव २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं, शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, पण देवळाच्या कर्ण्यावरचा गळा तोच राहिला. चौदा एप्रिलला तोच गळा निळ्या झेंड्यांखाली भीमगीतं गातो. गाणाऱ्याचं नाव मात्र विचारून बघा. ‘आनंद शिंदेंचे वडील ना?’ असं कुणी म्हणेल. आणखी तरुण कुणी असेल, तर ‘आदर्शचे आजोबा’.

गळा खडा, वरच्या पट्टीत सहज चढणारा. तो बैठकीत घडला नाही. उमेदवारीच्या काळात इस्माईल आझाद यांच्या कव्वालीला साथ करताना तो कमावला गेला. समोरच्या हजारोंपैकी शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचलाच पाहिजे, ही कव्वालीची शिस्त. म्हणूनच फाटक्या कर्ण्यातूनही त्यांचा एकेक शब्द कळतो. नाट्यसंगीतावर, भावगीतांवर आपण रकानेच्या रकाने लिहिले. या गळ्यावर मात्र हात आखडता घेतला. ‘कॅसेटवाला गायक’ म्हटलं की आमच्या जाणकारांचं काम संपतं!

त्यांचा जन्म १९३३ चा, मंगळवेढ्याचा, दलित कुटुंबातला. मंगळवेढा म्हणजे चोखोबांचं गाव. तिथलंच गावकुसाचं बांधकाम अंगावर कोसळून चोखोबा गेले, आणि समाधी झाली ती पंढरपूरच्या महाद्वारासमोर, उंबऱ्याबाहेर. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं झालं १९४७ साली. तेव्हा प्रल्हाद चौदा-एक वर्षांचे असतील. पंढरी घरापासून जेमतेम दिवसाच्या चालीवर, पण तोवर आत पाऊल टाकायची सोय नाही. पुढे त्याच पोराच्या आवाजात अवघा महाराष्ट्र पंढरीची वाट चालू लागला. वारीवर इतकं लिहिलं जातं, पण ही गोष्ट क्वचितच कुणी सांगतं.

चाहत्यांनी त्यांना जपलं ते आपल्या पद्धतीनं. टेप अडकली की पेन्सिलीनं गुंडाळून पुन्हा लावली. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. रिक्षावाल्यानं गाणी पेनड्राइव्हवर भरून घेतली. गावोगावच्या भजनी मंडळांत एखादा तरी असतो, जो त्यांच्यासारखी तान घ्यायला जातो, दम पुरत नाही आणि हसून हार्मोनियमवाल्याकडे बघतो. कौतुकाची याहून खरी रीत मला माहीत नाही.

२३ जून २००४ रोजी ते गेले तेव्हा पालख्या वाटेवर होत्या. आषाढीला आठवडाही उरला नव्हता. वाटेवरच्या मांडवांत त्यांची गाणी वाजत असणारच. कुठल्याही वर्षी वाजतात. देहूची पालखी हडपसर सोडून सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे निघते, तेव्हा मांजरीकर पाणी, केळी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतात.

एकाच गळ्यात विठ्ठल आणि भीमराव कसे मावले, यावर अभ्यासकांनी खुशाल चर्चा करावी. पारावर ऐकत बसलेल्या म्हाताऱ्यांना हा प्रश्न पडलेला मी तरी पाहिला नाही. ते फक्त सांगतात, ‘जरा आवाज वाढव.’