बेदाण्याचा लाडू

तासगावकडच्या एका शेतकऱ्याची द्राक्षबाग होती. उन्हाळ्यात तो शेडवर बेदाणा करायचा. बागेची राखण एक तांबडा कुत्रा करायचा.

दिवाळी आली. वसुबारसेला गाय-वासराची पूजा झाली. कुत्रा दारात बसून बघत होता. आजीला वाटलं, राखणदाराचंही तोंड गोड व्हायला हवं. तिने त्याला रव्याचा लाडू दिला. लाडवात घरचाच बेदाणा होता, सढळ हाताने घातलेला. मग सुनेने एक दिला. नातवाने दोन दिले. शेतकऱ्याने आपल्या ताटातला टाकला. कुणी कुणाला विचारलं नाही.

रात्री कुत्रा ओकू लागला. सकाळी तो भाकरीला तोंड लावेना. प्यायलेलं पाणीही उलटलं. आजी म्हणाली, "दृष्ट लागली." शेतकऱ्याने त्याला पोत्यात गुंडाळलं, मोटारसायकलवर पुढ्यात घेतलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं यानं? चॉकलेट? कांदा?"

"छे, साहेब. घरचे तुपातले लाडू. बेदाणा घातलेले."

"बेदाणा किती?"

शेतकऱ्याला सांगता येईना.

डॉक्टर म्हणाले, "द्राक्षाने आणि बेदाण्याने कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होतं. एखाद्याला झेपतं, एखादा मूठभरानेही जातो. अमुक इतका चालेल, असं माप नाही."

"पण साहेब, बागेत पडलेला मणी तो कधीतरी खातो. काही होत नाही."

"एक किलो बेदाण्याला द्राक्षं किती लागतात?"

"चार किलो," शेतकरी म्हणाला, आणि गप्प झाला.

दोन दिवस सलाईन चाललं. लघवी नीट होऊ लागली, रक्ताची तपासणी ठीक आली, तेव्हा डॉक्टरांनी कुत्र्याला सोडलं. "आणखी उशीर केला असता, तर हाती लागला नसता," ते म्हणाले.

पाडव्याला कुत्रा घरी आला. आजीचे डोळे भरले. "मी मायेनं दिलं होतं रे. मग बाधलं कसं?"

"आई, आपण सगळ्यांनीच मायेनं दिलं. पण आपल्या जिभेला विचारून दिलं. त्याच्या पोटाला विचारलं नाही."

भाऊबीजेला आत्या आली. कुत्रा शेपटी हलवत पुढे गेला, तशी तिने डब्यातला लाडू काढला. नातू धावत मध्ये आला.

"आत्या, लाडू नको. त्याला भाकरी दे."