भोंगा झालाय

ओंकारच्या घरी, सांगलीत, टॅब आला तो २०२० च्या टाळेबंदीत. शाळा घरूनच भरत होती, इलाज नव्हता. शाळा पुन्हा सुरू झाली, टॅब मात्र ओंकारच्या हातातच राहिला.

आईने रोजची एक तासाची मर्यादा घातली. वेळ संपली की पडद्यावर वाळूचं घड्याळ येई आणि त्याच्या खाली ‘इग्नोर लिमिट’ असं बटण. ते दाबलं की आणखी एक मिनिट, पंधरा मिनिटं किंवा राहिलेला अख्खा दिवस, हवं ते मिळे. ओंकार अख्खा दिवस घेई. मग बाबांनी चार आकडी कोड घातला. बाबा रात्री खिडकीशी बसून तो टाकत आणि त्यांचं बोट कुठून कुठे जातं ते मागे उभ्या ओंकारला काचेत दिसे. गाडीच्या नंबराचेच चार आकडे निघाले! कोड बदलला, ओरडाआरडा झाला, टॅब कपाटावर गेला, पोराने जेवण सोडलं, टॅब खाली आला. घरोघरी हेच चाललंय.

२०२२ साली सर्वपित्री अमावास्येला, म्हणजे २५ सप्टेंबरला, तिघं ओंकारच्या आजोळी गेले. आजोळ कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. ऑनलाइन शाळेनंतर तिथल्याही पोरांच्या हातून मोबाईल सुटत नव्हता. सरपंच विजय मोहिते यांनी ते मनावर घेतलं आणि त्याच ऑगस्टमध्ये गावाने ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद, ते साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. आशा आणि अंगणवाडी सेविका दारोदार फिरून आठवण करून देत.

त्या दिवशी रविवार होता. हैदराबादला भारत-ऑस्ट्रेलियाचा निर्णायक टी-ट्वेंटी सामना सातलाच सुरू व्हायचा होता. मामा टीव्हीपुढे बसला होता. नाणेफेक झाली, खेळाडू मैदानात उतरायला लागले आणि भोंगा वाजला. मामाने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. मामीचा मोबाईल फळीवर गेला. मामाची मुलगी दप्तर घेऊन ओट्यावर बसली आणि मामा आजीला पेपर वाचून दाखवू लागला. ओंकारला कुणी काही म्हटलंच नाही. तो टॅब मांडीवर घेऊन थोडा वेळ तसाच बसला, सगळ्यांकडे बघत, आणि मग त्याने तो आपणहून पालथा ठेवला.

त्याचा वेळ जाता जाईना. तो पाणी प्यायला, गोठ्यात जाऊन आला, ताईच्या वहीत डोकावला. बाबाही फोन घेऊन हळूच परसात गेले होते. ते आजीच्या नजरेतून सुटलं नाही. पदर सावरत ती मागच्या दारात आली आणि म्हणाली, “जावईबापू, भोंगा झालाय.”

बाबांनी फोन खिशात घातला. ओंकारने ते पाहिलं.

साडेआठला टीव्ही लागला तेव्हा ऑस्ट्रेलियाचा डाव संपत आला होता. कॅमेरून ग्रीनने १९ चेंडूंत ठोकलेलं अर्धशतक मामाचं हुकलं होतं.

“मामा, लावायचा की हळू आवाजात. कुणाला कळणार होतं?”

“भोंगा काय निस्ता पोरांसाठी वाजतोय व्हय रं?” मामा म्हणाला. “मीच टीव्ही लावून बसलो, तर हिला पुस्तक घे म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?”

आपल्या घरातली मर्यादा एकट्या ओंकारसाठी होती, हे बाबांना तिथे उमगलं. घरी आल्यावर त्यांनी ओंकारला समोर बसवून विचारलं, की आपला भोंगा किती वाजता वाजवायचा? साडेसात ते नऊ ठरलं. तिन्ही यंत्रं दिवाणखान्यातल्या खणात ठेवायची, फोन वाजला तर उभ्यानेच बोलून परत ठेवायचा, हे कलम ओंकारनेच सुचवलं.

पहिले काही दिवस वाईट गेले. ओंकार दर दहा मिनिटांनी वेळ विचारी, एकदा चिडून पाय आपटत गच्चीवर गेला. बाबांचीही चुळबुळ कमी नव्हती. एका संध्याकाळी खणात नुसता मेसेजचा आवाज झाला आणि त्यांचा हात खणाकडे गेला. पत्ते पिसता पिसता ओंकार म्हणाला, “बाबा, भोंगा झालाय.” आईला हसू आलं. बाबांनी मात्र मुकाट्याने खण लोटला आणि आपली पानं उचलली. माझ्या मते टॅबवरचं भांडण त्या क्षणी मिटलं. मोठ्या माणसाला थांबवायचा हक्क पोराला मिळाला होता, आणि मोठा माणूस खरंच थांबला होता.

दिवाळीनंतर बाबांनी टॅबचा कोड काढून टाकला. ओंकार दुपारी अजूनही कधीकधी पंधरा मिनिटं वाढवून घेतो, आई त्यावर बोलते, तो कुरकुरतो. साडेसातला मात्र टॅब खणात असतो. आणि त्या दीड तासापायी बाबांचं ऑफिसातलं एकही काम आजवर अडलेलं नाही.