अर्धे तुझ्याकडे, अर्धे माझ्याकडे

आमच्या शाळेच्या कचेरीत एक संगणक आहे. त्यात जुन्या जनरल रजिस्टरांची पाने आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला, तेव्हा कचेरीतही पाणी शिरले आणि खालच्या कप्प्यातल्या रजिस्टरांचा लगदा झाला. सुदैवाने त्यांची पाने आदल्याच वर्षी स्कॅन करून ठेवलेली होती. तेव्हापासून कुणी वृद्ध गृहस्थ जन्मतारखेच्या दाखल्यासाठी आले, की आम्ही कपाटाकडे न वळता या यंत्राकडे वळतो. त्यांचे नाव, वडिलांचे नाव, गाव, शाळेत दाखल झाल्याची तारीख, सारा पुरावा आता तेथेच.

गेल्या मे महिन्यात त्या संगणकाची ड्राइव्ह भरत आली. आमचे संगणकाचे तरुण शिक्षक म्हणाले, "सर, एकाच्या जागी दोन एसएसडी बसवू. संगणकाला त्या मिळून एकच दिसतील. जागा दुप्पट, वेगही जवळजवळ दुप्पट बघा."

"दोघी काम कसे वाटून घेणार?" मी विचारले.

त्यांनी समजावून सांगितले. प्रत्येक फाइलचे लहान लहान तुकडे करायचे. पहिला तुकडा एकीवर, दुसरा दुसरीवर, तिसरा पुन्हा पहिलीवर. दोघी एकाच वेळी वाचतात, एकाच वेळी लिहितात. एक साधी साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते. दोघी मिळून हजाराच्या घरात जातात. मात्र हा लाभ मोठ्या फाइलींना; संगणक सुरू होताना विखुरलेल्या बारीक फाइली वाचाव्या लागतात, तेथे फारसा फरक पडत नाही.

"आणि दोघींतली एक गेली तर?"

"मग दुसरीचाही उपयोग नाही, सर. निम्मे तुकडे घेऊन काय करणार?"

या उत्तराने मी थबकलो. एक ड्राइव्ह वर्षभरात बिघडण्याचा संभव उदाहरणादाखल शंभरात २ धरला, तर दोघींपैकी एखादी तरी बिघडण्याचा संभव जवळजवळ ४ होतो. वेग वाढतो त्याबरोबर सर्वनाशाची शक्यताही दुप्पट होते. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या संशोधकांनी १९८८ साली 'रेड' ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांनाही ही अडचण दिसली होती. अनेक स्वस्त डिस्क एकत्र आणल्या की बिघाडही वाढणार; म्हणून थोडी जागा राखीव नकलेसाठी खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. आमच्या शिक्षकांनी सुचवलेल्या पद्धतीला पुढे 'रेड शून्य' हे नाव मिळाले. शून्य अशासाठी, की तीत राखीव असे काहीच नाही.

वरवर पाहता हे सहकार्याचे सुंदर चित्र वाटते. दोघी खांद्याला खांदा लावून राबतात. पण एकीचे ओझे दुसरी उचलू शकत नाही, कारण तिच्यापाशी पहिलीचे काहीच नाही. एकमेकांवर विसंबणे वेगळे आणि एकमेकांना सांभाळणे वेगळे, हे मला यंत्राने शिकवले. दोघींवर तेच ते लिहिण्याचीही पद्धत आहे. तीत निम्मी जागा जाते, आणि हिशेबी मनुष्य तिला उधळपट्टी म्हणेल. परंतु आपल्या वेदपाठकांनी हीच उधळपट्टी शतकानुशतके केली. क्रमपाठात पहिला शब्द दुसऱ्यासह, दुसरा तिसऱ्यासह, असे म्हणत जातात. मधला प्रत्येक शब्द दोनदा उच्चारला जातो. वेळ दुप्पट लागला, पण शब्द निसटला नाही.

मग प्रश्न उरतो तो नीतीचा. वेगाचा लाभ कुणाला? मला आणि माझ्या कारकुनाला. हानी कुणाची? ज्याला या ड्राइव्हचे नावही ठाऊक नाही, त्या दाखला मागायला येणाऱ्याची. स्वतःच्या मिळकतीवर मनुष्याने हवे ते धाडस करावे. दुसऱ्याच्या ठेवीवर करू नये. असा सगळा युक्तिवाद मी मोठ्या आवेशाने शिक्षकांपुढे मांडला.

त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "बरोबर आहे, सर. पण दोन ड्राइव्हांची जोडी बांधताना दोघींवरचे सगळे पुसले जाते. म्हणून आधी पूर्ण नक्कल काढावी लागते. आत्ताची नक्कल कुठे आहे?"

नक्कल नव्हती! पुरापासून आजपर्यंत हजारो माणसांचा पुरावा एकाच ड्राइव्हवर होता आणि त्या सगळ्या काळात मला एकदाही अस्वस्थ वाटले नव्हते. शंभरातले ४ मला पाप वाटले. २ मात्र मी सवयीने पचवले होते. नव्या धोक्याला आपण नावे ठेवतो आणि जुन्या धोक्याला व्यवस्था म्हणतो. माझा आवेश विश्वस्ताचा नव्हता. बदलाला बिचकणाऱ्या माणसाचा तो होता, हे कबूल केलेले बरे.

अखेर आम्ही असे केले. स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण ज्या संगणकावर कापले-जोडले जाते, त्यावर ती वेगवान जोडी बसवली. मूळ चित्रीकरण वेगळे ठेवलेले असते. जोडी बिघडली तर चार दिवसांचे श्रम जातील, कुणाची जन्मतारीख जाणार नाही. कचेरीच्या संगणकात दोन्ही ड्राइव्हांवर तेच ते लिहिले जाते. पण त्यावरही विसंबलो नाही, कारण चुकून पुसले तर दोन्हींवरचे एकदमच पुसले जाणार, आणि पूर आला तर दोन्ही एकाच पाण्यात भिजणार.

म्हणून शनिवारची सकाळची शाळा सुटली, की तिसरी नक्कल काढतो आणि संस्थेच्या दुसऱ्या गावातल्या शाळेच्या तिजोरीत ठेवून येतो. ते गाव उंचावर आहे. जायला-यायला तास जातो. तो वाया गेला असे मला अजून एकदाही वाटलेले नाही.