‘मी’ची जागा

प्रेमात माणूस स्वतःला विसरतो, असे आपण म्हणतो आणि तेही कौतुकाने म्हणतो. भक्तीच्या प्रांतात तर ‘मीपणा’ गळून पडणे हीच मोठी कमाई मानली गेली. त्यामुळे दूरचित्रवाणीवरच्या मालिकेतली एखादी नायिका प्रेमात पडली आणि पुढे तिचे वेगळेपण दिवसेंदिवस विरत गेले, तरी आपल्याला त्यात वावगे वाटत नाही. उलट डोळ्यांना पदर लागतो. मला मात्र एक साधा प्रश्न पडतो. विसरणे आणि हरवणे ही एकच गोष्ट आहे काय? विसरलेली छत्री कुठल्या तरी कोपऱ्यात उभी असते; आठवण होताच ती हाती येते. हरवलेल्या छत्रीचे तसे नसते.

उदाहरण ओळखीचेच घेऊ. २०१३ साली ‘झी मराठी’वर ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका सुरू झाली आणि जानेवारी २०१६ पर्यंत चालली. कित्येक घरांतली रात्रीची जेवणे तिच्या वेळेवर होऊ लागली होती. तिची नायिका जान्हवी. मध्यमवर्गीय घरातली, सावत्र आईचा जाच सोसणारी, बँकेत नोकरी करणारी. पहिल्या दिवसांतली ही मुलगी मला मनापासून आवडली. पैशाची चणचण तिला ठाऊक होती आणि तरी तिच्या चालण्याबोलण्यात स्वतःचा असा एक ताठा होता. मग गोखले गृहउद्योगाच्या श्रीशी तिचे जमले, लग्न झाले, आणि तिचे सारे सुखदुःख सासवांनी भरलेल्या त्या घराच्या उंबरठ्याआड मावू लागले. पुढे तिचे गरोदरपण इतके लांबले की त्यावर गावोगाव विनोद फिरले. त्या विनोदांत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. सगळे बाळाची वाट पाहत होते. पहिल्या दिवसांतल्या जान्हवीची वाट कोणीच पाहत नव्हते.

मालिकेचे नाव जरा सावकाश वाचून पाहा. त्यात ‘मी’ आहे. पण तो ‘सून’ आणि ‘घर’ यांच्या मधोमध, विरारच्या गाडीत दोन बाकांमध्ये अंग चोरून उभ्या राहिलेल्या मुलीसारखा!

याचा सगळा दोष लेखकाच्या माथी मारून चालणार नाही. रोजची मालिका हा मोठा अवघड कारखाना आहे. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येक भाग वीस-बावीस मिनिटांचा. आणि ती कधी संपवायची हे गोष्ट ठरवीत नाही, प्रेक्षकसंख्येचा आकडा ठरवतो. आता, ज्या माणसाला काही हवे असते त्याची गोष्ट केव्हा तरी संपतेच. हवे ते मिळते, नाही तर हातचे जाते. म्हणून मनात काही इच्छा बाळगणारी नायिका असल्या मालिकेला परवडत नाही. मग तिला काही हवेसे वाटणे बंद होते, आणि तिच्यावर नुसते काही ना काही कोसळत राहते. नायकाला निदान आपला उद्योगधंदा असतो. प्रेम त्याच्या आयुष्यात येते. तिचे आयुष्यच प्रेमाच्या घरी मुक्कामाला जाते. आणि तो आकडा म्हणजे तरी कोण? तुम्ही-आम्हीच.

हे फक्त पडद्यावर घडते असेही नाही. चाळीस वर्षे संसार केलेल्या एखाद्या मावशींना विचारून पाहा, “मावशी, तुम्हांला कुठली भाजी आवडते हो?” बहुधा उत्तर येईल, “अगं, यांना वांगे मुळीच चालत नाही.” या उत्तरात माया आहे, यात शंका नाही. फक्त प्रश्नाचे उत्तर तेवढे नाही.

कोणी म्हणेल, यालाच समर्पण म्हणतात. शब्द थोर खरा. पण देणाऱ्याजवळ काही असेल तरच दान घडते. रिकामी ओंजळ पुढे केली तर तिला दान म्हणत नाहीत. संतांनी टाकायला सांगितला तो अहंकार. तो टाकूनही तुकोबांनी अभंगाच्या अखेरीस आपले नाव ठेवलेच, आणि नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनीनेही ठेवले. देवापुढे उभे राहायलासुद्धा कुणी तरी असावे लागते.

पतिव्रतेचा आदर्श म्हणून आपण सावित्रीला वडाखाली पुजतो. पण महाभारताच्या वनपर्वातली तिची कथा नीट वाचणारे थोडे. ती रथात बसून देश पालथा घालते आणि नवरा स्वतः निवडते. त्याला वर्षाचेच आयुष्य आहे असे नारदांनी सांगितल्यावरही ती निवड बदलत नाही. यम सत्यवानाला घेऊन निघतो तेव्हा ती त्याच्यामागून चालत राहते आणि धर्माविषयी बोलत राहते. तिच्या बोलण्यावर संतुष्ट होऊन यम वर देत जातो. सासऱ्यांची दृष्टी, त्यांचे राज्य, आपल्या पित्याला शंभर पुत्र, मग स्वतःला शंभर पुत्र! या शेवटच्या वरात यम अडकला. सत्यवान परत आला तो बायकोच्या अश्रूंनी नव्हे, तिच्या बुद्धीने. प्रेमात ती विरघळून गेली असती, तर यमाशी बोलायला उरले असते कोण?

दुसरी नायिका खरी आहे, आणि तीही पडद्यावर येऊन गेली. २०१२ साली ‘उंच माझा झोका’ या मालिकेने रमाबाई रानडे घरोघरी पोचवल्या. १८७३ साली अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, तेव्हा माहेरचे यमुना हे नावदेखील सुटले. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवले; त्यापायी घरातल्या बायकांची बोलणीही त्यांनी सोसली. त्यांची पतिनिष्ठा पाहिली तर आजच्या मालिका फिक्या पडाव्यात. तरीही १९०१ साली न्यायमूर्ती गेले, तेव्हा रमाबाई संपल्या नाहीत. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिले. पुस्तकभर न्यायमूर्ती आहेत. पण पाहणारे डोळे आणि लिहिणारा हात बाईंचा आहे. ‘आमच्या’ हा शब्द त्यांना शोभतो, कारण त्यात एक ‘मी’ धडधाकट उभा आहे. दोन ‘मी’ एकत्र आले की ‘आम्ही’ होतो. एकाने दुसऱ्याला गिळले, तर मागे एकच उरतो.

म्हणून मला चिंता वाटते ती जान्हवीची नव्हे. ती तर कागदावरची. चिंता वाटते ती सतरंजीवर बसून, हनुवटीखाली गुडघे घेऊन, हे सारे पाहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीची. तिला कोणी धडा देत नसते. ती आपली आपणच घेत असते. कुणाची आवडती व्हायचे असेल तर आपल्याला स्वतःला काही आवडता कामा नये, हा तो धडा.

तो पुसण्याची सुरुवात घरातूनच व्हावी. पाडव्याला तबकात ओवाळणी घालण्याआधी त्या मुलीच्या देखत तिच्या आईला विचारावे, “तुला काय हवे?” आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. फार वर्षांत कोणी विचारले नसेल, तर आठवायला थोडा वेळ लागेल. विसरलेलेच असेल, तर ते सापडेल.