उंबरठ्याबाहेरचा सावकार

वाचकहो, पैशाची चिंता दिवसभर माणसाच्या सोबत असते. पण तिची खरी सत्ता चालते ती रात्री. दिवसा काम असते, माणसे असतात. दिवा मालवला की घराचा हप्ता, मुलांची फी, गावाकडील वृद्धांच्या औषधपाण्याचा खर्च, हे सारे उशाशी येऊन बसतात. अशा वेळी एक नैतिक प्रश्न उभा राहतो : ज्याच्या डोक्यावर देणे आहे त्याने स्वस्थ झोपावे काय? त्याची शांत झोप हा बेजबाबदारपणा तर नव्हे?

प्रश्न जुना आहे. सुखी कोण, असे महाभारतातील यक्षाने विचारले, तेव्हा युधिष्ठिराने सांगितले की, ज्याच्यावर ऋण नाही आणि ज्याला घर सोडून परमुलखी राहावे लागत नाही तो सुखी. मग त्याच्या घरी केवळ भाजी का शिजेना! फरीदाबादच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबाला या दोन्ही कसोट्या कठीणच. ते परमुलखात असते, आणि राहते घर कर्जाचे असेल तर ऋणीही असते. मात्र त्याच्या आधी येथे आलेल्यांचे दुःख याहून मोठे होते. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून परागंदा झालेल्या निर्वासितांसाठी 1949 पासून येथे नवी औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. सहकारी तत्त्वावर कामे संघटित करून त्या निर्वासितांनी आपल्या नगराच्या बांधणीस स्वतःचे हात लावले. त्या कार्यात सहभागी असलेल्या एल. सी. जैन यांनी 1998 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या गावाला आशेचे नगर म्हटले आहे. सर्वस्व गमावल्याची चिंता त्यांना दिवसाच्या कामात ओतता आली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

रात्रीची चिंता आपल्याला असे भासवते की, जागे राहणे हेच कर्तव्य होय. परंतु पहाटे तीनपर्यंत मनातल्या मनात केलेल्या बेरजा-वजाबाक्यांनी देण्यातला एक रुपयाही कमी होत नाही. उलट दुसऱ्या दिवशीची बुद्धी मंदावते, बोलणे चिडके होते. आणि यंत्रावर काम करणाऱ्याच्या बाबतीत तर अपुरी झोप हाताच्या बोटांवर बेतू शकते. ज्या हातांनी कर्ज फेडायचे, तेच हात आपण थकवीत असतो.

येथे कोणी आक्षेप घेईल की, नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात शेजाऱ्याला जामीन राहिलेल्या माणसास डोळ्याला डोळा लागू न देण्याची ताकीद आहे. आक्षेप योग्य आहे. पण ती ताकीद नीट वाचावी. अंथरुणात कूस बदलत पडून राहा, असे ती सांगत नाही. ऊठ, त्या शेजाऱ्याकडे जा, नमते घे, आणि आपली सुटका करून घे, असे ती सांगते. ती जाग पाय हलवण्यासाठी आहे. ज्या जागरणातून एकही पाऊल उचलले जात नाही, त्याला जबाबदारी म्हणणे कठीण.

मोशेच्या नियमशास्त्राने याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सावकाराला दोन बंधने घातली आहेत. गहाण वस्तू घेण्यासाठी त्याने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. आणि ऋणको गरीब असून त्याने पांघरूण गहाण ठेवले असेल, तर सूर्यास्ताच्या वेळी ते परत करावे, म्हणजे त्याला ते अंगावर घेऊन झोपता येईल. येथे कर्ज माफ झालेले नाही. देणे उद्याही आहेच. परंतु घराचा उंबरठा आणि रात्रीची झोप या दोन गोष्टींवर कर्जाचा हक्क चालत नाही, असे हा नियम मानतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये दिलेल्या सूचनेत थकित कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर कर्जदाराला दूरध्वनी करण्यास मनाई केली, तिच्या मुळाशीही हाच न्याय दिसतो.

मात्र आज सावकाराला उंबरठा ओलांडावा लागत नाही. आपणच त्याला मोबाइलमधून उशाशी आणून ठेवतो. बँकेचे संदेश, शिल्लक रक्कम, झटपट कर्जाच्या जाहिराती, सारे काही अंथरुणात आपल्या हाती असते. म्हणून संध्याकाळच्या सवयी ही केवळ आरोग्याची बाब नाही; उंबरठा पुन्हा बांधण्याचे ते काम आहे.

त्याचा प्रारंभ हिशेबाने व्हावा. जेवणापूर्वी अर्धा तास ठरवून पतिपत्नींनी एकत्र बसावे. देणे किती, कोणाचे, कधी, हे वहीत लिहावे आणि उद्या करावयाचे एक काम नेमके नोंदवावे : कोणाला भेटायचे, कोणाकडे मुदत मागायची. अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील संशोधकांनी 57 तरुणांवर केलेल्या व 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. मग वही मिटावी व मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवावा. दुपार कलल्यावर चहा टाळावा, कारण त्यातील कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात राहू शकतो. दिवे मंद करावेत. थोडे वाचन वा प्रार्थना करून ठरल्या वेळी निजावे. वीसेक मिनिटांत झोप न आल्यास तळमळत न राहता उठून मंद प्रकाशात बसावे, आणि डोळे जड झाल्यावर परतावे. रात्रपाळी करणाऱ्याची संध्याकाळ सकाळी येते. त्याने जाड पडद्यांनी काळोख करावा आणि घरच्यांनी त्याची ती रात्र जपावी.

या सवयींनी पगार वाढणार नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्याच्या घरी उद्याचे धान्य नाही त्याला मंद दिव्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरेल. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असा नियम आहे. वाचकहो, आपण कोणाचे देणेकरी असू, तसेच कोणाचे मालकही असू : घरकाम करणाऱ्या बाईंचे, रंगाऱ्याचे, गवंड्याचे. आपली शांत झोप कोणाच्या तरी थकलेल्या मजुरीवर उभी असेल, तर ती शांती नव्हे.

127 व्या स्तोत्राच्या दुसऱ्या ओवीत भाषांतरकाराला थांबवणारी एक जागा आहे. देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, असा तेथील इब्री शब्दांचा अर्थ होतो. आणि ते झोपेत असता देतो, असाही होतो. भाषांतरात एक अर्थ निवडावा लागतो. जगताना दोन्ही जवळ ठेवता येतात. माणूस निजलेला असतानाही पीक वाढते, जखम भरते, थकलेला हात पुन्हा कामाजोगा होतो. आपल्या जागरणाशिवायही पुष्कळ काही घडत असते. तेव्हा आज जे करणे शक्य होते ते केले असेल आणि उद्याचे काम वहीत लिहिले असेल, तर देणेकऱ्यानेही निःशंक मनाने दिवा मालवावा.