सत्संग चिंतन : अवधूतांचे चोवीस गुरू आणि ताईंचा एक विषय

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी महिला सत्संगात एका ताईंनी दोन प्रश्न विचारले आणि मग आरतीपर्यंत दुसरं काही झालंच नाही. ताई एकेचाळीस वर्षांच्या आहेत. एका खाजगी कंपनीत बिलं आणि हिशेब बघतात. बी. कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं, लग्न झालं, मुलं झाली. आता स्वयम पोर्टलवर त्यांनी अकाउंटिंगचा एक विषय घेतला आहे. पहिला प्रश्न असा, की पहाटे साडेचारला उठून त्या जप करायच्या, त्याच वेळेत आता पाठ बघतात. मग ही जपाची चोरी झाली का? दुसरा प्रश्न जास्त अवघड. त्यांची परीक्षा आणि आपल्या केंद्राचा वर्धापनदिन एकाच रविवारी आले आहेत, आणि महाप्रसादाच्या पोळ्यांची सेवा नऊ वर्षं त्यांच्याकडे आहे. घरी तर म्हणतातच, आता या वयात सर्टिफिकेट घेऊन काय करणार?

त्यानंतर गटात ज्याने त्याने आपापलं मत टाकलं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी ज्येष्ठ मंडळींसाठी थोडं समजावून सांगते. स्वयम हे केंद्र सरकारचं शिक्षणाचं पोर्टल, २०१७ साली सुरू झालं. त्यावर एनपीटेलचे, म्हणजे आयआयटी आणि बंगळूरूच्या आयआयएससीच्या प्राध्यापकांचे, विषय असतात. पूर्ण पदवीला नाव घालावं लागत नाही, एकच सुटा विषय घेता येतो. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा. शिकायला पैसे नाहीत, परीक्षेला बसायचं तरच फी. दर आठवड्याला गृहपाठ असतो, त्याचे पंचवीस टक्के. परीक्षेचे पंचाहत्तर, आणि ती घरून नाही, नेमलेल्या केंद्रावर जाऊन द्यायची. बारा आठवड्यांच्या विषयात गृहपाठ बारा असले तरी उत्तम आठच धरतात. मला ही सोय फार आवडली. पाहुणे, ताप, मार्चएंड, सगळं त्या चार आठवड्यांत बसतं! एक मात्र आधीच सांगून ठेवते, या प्रमाणपत्राची आपोआप पदवी होत नाही. पदवीत हे गुण धरायचे असतील तर ज्या विद्यापीठात आपलं नाव आहे त्याने तो विषय मान्य करावा लागतो. तेव्हा आधी तिथे विचारा, मग फी भरा.

आता आपल्या परंपरेकडे येऊ. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. राजा विचारतो, बाबा रे, तुला ही बुद्धी कुठून मिळाली? अवधूत एका आश्रमाचं, एका आचार्यांचं नाव सांगत नाही. चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, समुद्र, मधमाशी, कोळी, साप, पिंगला. प्रत्येकाकडून काही ना काही घेतलं. नाथमहाराजांनी याच स्कंधावर आपलं भागवत लिहिलं आणि काशीला १५७३ साली पूर्ण केलं, त्यात ही कथा फार विस्ताराने आली आहे. ज्यांना सुटा विषय म्हणजे अर्धवट शिक्षण वाटतं, त्यांनी अवधूत आठवावेत. त्यांना तरी कुणी पदवी दिली होती?

चोवीसांपैकी तीन गुरू ताईंच्या प्रश्नाला अगदी लागू पडतात.

पहिली मधमाशी. ती फुलाफुलांतून थोडं थोडं घेते, फुलाला धक्का लावत नाही, हे तिचं घेण्यासारखं. पण तीच साठा करते आणि साठ्यासकट जाते, हेही अवधूतांनी तिच्याचकडून शिकून घेतलं. आपल्याच गटात एका भाऊंनी एका दमात सात विषयांना नाव घातलं आहे. भाऊ, रागावू नका. फुकट आहे म्हणून सात ताटं वाढून घेतली तर जेवण एकही होत नाही. ताईंनी एकच विषय घेतला, आणि तोही रोज हाताखालून जातो तो. कंपनीच्या चोपड्यांत जे वर्षानुवर्षं नुसतं भरत आल्या, ते तसं का भरायचं हे त्यांना आता कळतंय. सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुसरा बाण करणारा कारागीर. बाणाचं टोक सरळ करण्यात तो असा गढला, की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. इथे जपाच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. मन एका जागी ठरवण्याचा अभ्यास आपण माळेवर करतो. तेच ठरलेलं मन पाठाला लावलं तर त्यात चोरी कसली? महाराज नेहमी हेच सांगत आले आहेत, की काम नामाच्या आड येत नाही, कामातलं विसरणं आड येतं. तरीही नेम मोडू नये. पाठापूर्वी एक माळ करावी आणि मग मोबाईलच्या सगळ्या सूचना बंद करून (हो, आपल्या गटाच्यासुद्धा!) बसावं. बाकीचा जप बसमध्ये होतो, पोळ्या लाटताना होतो. अकाउंटिंग पोळ्या लाटताना होत नाही.

तिसरी ती कुमारिका. घरी आईवडील नाहीत, आणि तिला बघायला पाहुणे आले. घरात तांदूळ नाही, म्हणून ती आत साळी कांडायला बसली, तर हातातली कंकणं वाजू लागली. पाहुण्यांना घरची स्थिती कळेल या संकोचाने तिने एकेक कंकण उतरवलं. दोन उरली तरी वाजत होती, एक उरलं तेव्हा आवाज थांबला. अवधूत त्यातून एकांत शिकले. सगळे कीर्तनकार इथे एकांताचा महिमा सांगतात, आणि तो खराच आहे. पण ही कथा वाचताना मला दरवेळी वाटतं, की तिच्या हातातलं मुसळ काही कुणी घेतलं नाही. एकांत मिळाला, तोही कांडता कांडता.

ताईंचं तेच चाललंय. पहाटेचा एकांत त्यांनी स्वतःची झोप कापून मिळवला आहे. साडेपाचला डबे, सात वाजता पाणी, साडेआठला बस. आपल्या घरात मुलाची बारावी असते तेव्हा काय काय करतो आठवा. टीव्ही बंद, पाहुण्यांना येऊ नका म्हणून फोन, आजी दारात दहीसाखर घेऊन उभी. मागच्या वर्षी एका नातवाच्या प्रवेशपरीक्षेसाठी आपण सत्संगाची वेळसुद्धा बदलली होती, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मग आईची परीक्षा आली की तिच्या वयाची चर्चा का?

वयाचंच म्हणाल तर आपण वडोदऱ्याची माणसं. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पुढे वाचनालयं काढली, आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरवल्या. त्या पेट्यांतली पुस्तकं मोठी माणसंही वाचायची. आता तीच पेटी खिशातल्या मोबाईलमध्ये आली आहे, इतकंच.

वर्धापनदिनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ताईंनी परीक्षेला जावं. सेवा म्हणजे एकाच माणसाच्या नावावर लिहून दिलेला ओटा नव्हे. नऊ वर्षांत दुसऱ्या कुणाला त्या पोळ्या शिकायच्या सुचल्या नाहीत, हा विचार आपण बाकीच्यांनी करायचा. काही जण म्हणतात, गुरूंच्या दिवशी गुरूंकडे पाठ फिरवणं बरं नाही. मला उलट वाटतं. जी बाई नऊ वर्षं पहाटे येऊन कणीक मळते, ती एक दिवस वही घेऊन गेली तर गुरूंना आनंदच होईल, आणि नऊ वर्षांच्या सेवेचा हिशेब त्यांच्याकडे आहेच.

ताईंच्या सासूबाईंशी मी फोनवर बोलले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग विचारलं, पेपर किती तासांचा असतो? तीन तासांचा, म्हटलं. म्हणाल्या, मग सकाळचा स्वयंपाक मी बघते.

आता आपल्याकडची कामं. पुरण शनिवारी रात्री शिजवायचं आहे, दोन गुरुबंधूंनी स्वतःहून होकार दिला आहे. लाटायला आठ जणी लागतील, चार नावं आली आहेत, बाकीची गुरुवारपर्यंत गटात टाका. पुरुषांनी टाकली तरी चालतील. ताईंचं सत्र दुपारी दोन ते पाच आहे. परीक्षा केंद्राबाहेर पाच वाजता प्रसादाचा डबा घेऊन कोण थांबणार, तेवढं कळवा.

जय गुरुदेव.