हलाल तर आहे, पण तय्यिब?

गेल्या रमजानमधली गोष्ट. सोलापूरला थोरल्या बहिणीकडे इफ्तारला गेलो होतो. मगरीबला अजून अर्धा तास होता. आपा दस्तरखान मांडत होती. खजूर, कलिंगडाच्या फोडी, घरी तळलेली भजी, आणि त्यांच्या शेजारी पुड्यांतून निघालेले बाकीचे: लाल शरबताची पावडर, चिकन नगेट्स, क्रीमची बिस्किटे, जेलीच्या गोळ्या. सातवीतला भाचा जेलीचे पाकीट उलटे धरून मोबाइलवर काहीतरी शोधत होता. जिलेटिन कशाचे, आयएनएस 471 म्हणजे काय, 631 कशापासून बनते, हे सगळे त्याला माहीत. शेवटी त्याने मान वर केली आणि म्हणाला, "मामू, चालतंय. हलाल आहे."

मला त्याचे कौतुक वाटले. एवढ्याशा पोराला आपण काय खातो याची चौकशी करावीशी वाटते, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच क्षणी माझी नजर त्याच्या मानेवर गेली. मानेच्या मागच्या बाजूला काळसर, जाडसर पट्टा होता. आपाने वर्षभर तो मळ समजून घासला होता. दोन महिन्यांपूर्वी तिला स्वतःला शुगर निघाली, तेव्हा डॉक्टरांनी सोबत आलेल्या पोराकडे पाहिले आणि सांगितले की हा मळ नाही. शरीराला इन्सुलिन पुरेसे लागू पडत नाही, याची ती खूण असू शकते. वजन आटोक्यात आणा, पुड्यातले खाणे बंद करा.

नमाज झाल्यावर आपाने मला बाजूला घेतले. म्हणाली, "तू शिकलेला आहेस म्हणून विचारते. मी तर कधी हराम पैसा घरात आणला नाही, हरामचा घास पोराच्या तोंडात घातला नाही. मग हे माझ्या हातून कसं झालं? हा गुनाह आहे का?"

मला उत्तर देता आले नाही. मी आलिम नाही, फतवा देण्याचा मला अधिकार नाही. पण प्रश्न मनातून जाईना. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

आपल्या घराघरांत खाण्याविषयी एकच प्रश्न विचारला जातो: हलाल आहे का? तो विचारलाच पाहिजे. पण कुरआनमध्ये सूरह बकराच्या 168व्या आयतीत हलाल या शब्दाला जोडून दुसरा शब्द येतो, तय्यिब. शुद्ध, चांगले, अंगाला आणि मनाला हितकर असे. ही आयत सर्व माणसांना उद्देशून आहे. हे दोन शब्द जोडीने येतात, आणि आपण जोडीतला एकच जवळ ठेवला. कारण उघड आहे. हलाल ओळखणे तुलनेने सोपे. एक शिक्का असतो, एक खूण असते, आणि ती दिसली की प्रश्न संपतो. तय्यिब ओळखायला मात्र दर वेळी विचार करावा लागतो. तो कोणत्याही शिक्क्यात मावत नाही.

पूर्वी या दोन शब्दांत फारसे अंतर पडत नव्हते. आमच्या दादीच्या चुलीवर जे शिजायचे ते ज्वारीचे, तुरीचे, शेंगदाण्याचे, कधीमधी मटणाचे. जे हलाल होते ते बहुतेक तय्यिबही असायचे. अंतर पडले ते कारखान्यातले अन्न घरात शिरल्यावर.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अन्नावर प्रक्रिया करणे वाईट नाही. आपल्या सोलापूरची कडक भाकरी ही प्रक्रियाच. ईदच्या शीरखुर्म्यातल्या शेवया, खारीक, दही, पापड, लोणचे, शेंगाचटणी हीही प्रक्रियाच. माणूस हजारो वर्षे अन्न वाळवतो, आंबवतो, खारवतो. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो यांनी 2009 मध्ये वेगळाच मुद्दा मांडला. अन्नात साखर किती, चरबी किती एवढेच न पाहता, ते कशासाठी आणि कसे बनवले गेले हे पाहा, असे ते म्हणाले. त्यांच्या 'नोव्हा' या वर्गीकरणात चार गट आहेत. चौथा गट अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा. यात धान्य, तेल, साखर यांचे कारखान्यात तुकडे पाडून ते पुन्हा जोडतात. माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, प्रथिनांचे अर्क, कृत्रिम वास, रंग, घट्टपणा आणणारी द्रव्ये, चव चढवणारी द्रव्ये यांच्या मदतीने असा पदार्थ तयार होतो, जो महिनोन् महिने टिकतो, तोंडात लगेच विरघळतो आणि एकावर थांबू देत नाही. आपल्या स्वयंपाकघरात ज्यांचे डबे नसतात अशी नावे पुड्यामागच्या यादीत दिसली, की ओळखावे.

हा शेवटचा गुण, थांबू न देण्याचा, फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल यांनी 2019 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 20 माणसांना संस्थेतच ठेवले. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न दिले. दोन्ही ताटांत वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू यांचे प्रमाण सारखे ठेवले होते, आणि हवे तेवढे खा असे सांगितले होते. पुड्यातले अन्न खाताना ही माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे 0.9 किलो वाढले. साध्या अन्नावर तेवढेच उतरले. माणसे तीच, भूक तीच. बदलले होते ते फक्त अन्न.

हा प्रयोग लहान होता, हे खरे. मोठ्या पाहण्यांत कारण आणि परिणाम वेगळे काढणे अवघड असते, हेही खरे. तरी 2024 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सुमारे एक कोटी लोकांवरील पाहण्यांचा एकत्रित आढावा आला. जास्त अतिप्रक्रियायुक्त अन्न खाण्याचा हृदयविकाराने होणारे मृत्यू, टाइप 2 मधुमेह आणि चिंतारोग यांच्याशी संबंध त्यात ठळकपणे दिसला. आणि आपला देश मधुमेहाने आधीच वाकलेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. माझी आपा पहिल्या आकड्यात आहे. भाचा कदाचित दुसऱ्याच्या वाटेवर आहे.

नगेट्स आणि सॉसेजचेही तसेच. जनावर किंवा कोंबडी शरियतप्रमाणे जिबह झाली असेल, पुड्यावर शिक्का खरा असेल, आपण निश्चिंत होतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का, एवढाच अर्थ. सगळ्यांचा धोका सारखा असा नव्हे. पण खारवून, धुरावून, रसायने घालून टिकवलेल्या मांसाला ते लागू आहे, मग ते कोणत्या पद्धतीने कापलेले असो. आतडे शिक्का वाचत नाही.

आता आपाच्या प्रश्नाकडे येतो. ती विड्या वळते. हजार विड्यांचा हिशेब असतो. पहाटे पाने कापायला बसते, दुपारी कारखान्यात माल देते. पोरगा शाळेत जाताना चहाबरोबर पाच रुपयांचा बिस्किटपुडा, संध्याकाळी दहा रुपयांचे नूडल्स. यात आळस नाही, लाड तर मुळीच नाही. ज्या बाईच्या प्रत्येक तासाची मजुरी ठरलेली आहे, तिने दोन मिनिटांत भागणारी भूक विकत घेतली. तिला गुन्हेगार ठरवणे फार सोपे आहे. आपल्या सभांत, व्याख्यानांत, कधीकधी वाजमध्येसुद्धा सगळे खापर आईच्या डोक्यावर फुटते. मला ते अन्यायाचे वाटते.

प्रेषित मुहंमद (स.) यांच्या काळातला बाजारातला एक प्रसंग हदीसमध्ये आला आहे. धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला. वरचे धान्य कोरडे, आत हात भिजला. व्यापारी म्हणाला, पाऊस पडला होता. तेव्हा त्यांनी विचारले की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. ही हदीस मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा खरा अर्थ मला आपाच्या दस्तरखानावर कळला. त्या प्रसंगात गिऱ्हाइकाला कोणी विचारले नाही की तू राशीत हात का घातला नाहीस. जाब विचारला तो विकणाऱ्याला.

आजच्या पुड्याचे काय? पुढच्या बाजूला दुधाचा पेला, गव्हाची लोंबी, हसरे मूल. मागे, मुंगीच्या अक्षरात, साखर आणि पामतेल. कोरडे वर, भिजलेले आत. चिली या देशाने 2016 मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पदार्थांच्या दर्शनी बाजूवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. आपल्याकडे 2022 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ताऱ्यांच्या गुणांकनाचा मसुदा काढला. त्यावर वाद झाला, कारण तारे कौतुक करतात, सावध करत नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2025 मध्ये न्यायालयाने निर्णयासाठी मुदत घालून दिली. त्याच वर्षी 22 सप्टेंबरपासून बिस्किटे आणि नूडल्सवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला.

आणि एक गोष्ट मला झोपू देत नाही. आपा ज्या विड्या वळते त्यांच्या बंडलावर इशाऱ्याचे चित्र असते. 2016 पासून वेष्टनाच्या 85 टक्के भागावर. परक्याच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूबद्दल तिच्या हातांना इशारा छापलेला दिसत होता. तिच्या पोराच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूवर मात्र हसरे मूल होते. तंबाखू आणि हे अन्न यांचे नाते दूरचेही नाही. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने 1985 मध्ये जनरल फूड्स आणि 1988 मध्ये क्राफ्ट या बड्या खाद्यकंपन्या विकत घेतल्या होत्या. सवय कशी लावायची, हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्या हाती वर्षानुवर्षे मुलांचा खाऊ होता.

म्हणून आपाला माझे उत्तर असे: जे माहीत नव्हते, जे मुद्दाम लपवले गेले, त्याचा गुनाह तुझ्या माथी नाही. पण आता माहीत झाले आहे. शरीर ही अमानत आहे. रात्रभर इबादत आणि रोजचे रोजे करणाऱ्या सहाबींनाही प्रेषितांनी (स.) शरीराच्या हक्काची आठवण करून दिली होती. माहीत झाल्यानंतरची जबाबदारी आपली आहे. आपली म्हणजे एकट्या आपाची नव्हे, माझीही, मोहल्ल्याचीही.

करायचे काय, ते फार मोठे नाही. सगळे एकदम बंद होणार नाही, व्हायलाही नको. रोज येणारे पुडे आधी थांबवावेत: बिस्किट, नूडल्स, थंड पेय, शरबताची पावडर. त्यांच्या जागी वेळ न खाणारे तेवढेच ठेवावे. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, केळे, उकडलेले अंडे, खजूर. कडक भाकरी महिनाभर टिकते, ती मोडून दह्यात घातली की पोराचा नाश्ता होतो, आणि ती करून विकणाऱ्या बायका आपल्याच शहरात आहेत. शरबत लिंबाचे किंवा सब्जाचे करावे, साखर हात आखडून. मशिदीच्या इफ्तारला वर्गणी गोळा होते, तिथे बाटल्यांऐवजी फळे आणि चण्याची घुगरी ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. मदरशाच्या आणि शाळेच्या दारातल्या टपरीवर काय विकले जाते, हे जमातीने पाहावे. घरच्या भज्यांबद्दलही खोटे समाधान नको. ती कारखान्याची नाहीत, पण तीस दिवस तळण खाणे हेही तय्यिब नव्हे. बिर्याणीबद्दल मी काही बोलत नाही, मला याच मोहल्ल्यात राहायचे आहे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन बसलो. त्याला म्हटले, तुला पुडा वाचता येतो, हे तुझे मोठे भांडवल आहे. आजवर तू एकच गोष्ट शोधत होतास. आता दुसरीही शोध. त्याने क्रीम बिस्किटाचा पुडा उलटा केला. यादीतली नावे बोट ठेवून वाचत गेला. मध्येच थांबून आईला हाक मारली, "अम्मी, इन्व्हर्ट सिरप आपल्या घरात आहे का?"

आपा विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान न उचलता विचारले, "ते काय असतं?"

"साखरच," तो म्हणाला, आणि पुडा खाली ठेवला. त्या दिवशी तरी ठेवला.